दाते नसलेली वेल

ठिपकीच्या घरात हॉल नव्हता, टेबल होतं. ते सहा मीटर लांब आणि दीड मीटर रुंद होतं, आणि त्याच्या कडेने जी काही फरशी उरली होती तिला हॉल म्हणायची घरात पद्धत होती. पाहुणे आले की त्यांना भिंतीला पाठ लावून एका ओळीत बसवावं लागे. समोर ओलं कापड ताणलेलं असल्यामुळे 'हात मांडीवर ठेवा' असंही सांगावं लागे. पाहुणे शाळेच्या ग्रुप फोटोला बसल्यासारखे दिसत. एकदा ठिपकीचा मामा न ऐकता टेबलावर कोपर टेकून बसला आणि घरी गेला तेव्हा त्याच्या बाहीवर नेच्याचं अख्खं पान उमटलं होतं. ऑफिसात त्या शर्टाचं इतकं कौतुक झालं की पुढच्या खेपेला मामा मुद्दाम दुसरी बाही टेकवायला आला.

टेबलावर जाड घोंगडी, घोंगडीवर चादर, आणि चादरीवर टाचण्यांनी ताणून बसवलेलं सुती कापड. कापड आधी धुऊन त्याची खळ काढायची, मग इस्त्री, मग टाचण्या. त्यानंतर ठिपकी त्यावर पानं, फुलं, देठ काढी. ठप्पा नाही, साचा नाही, प्रत्येक पान वेगळं, हाताने. त्याचे पडदे होत, पलंगपोस होत, उशांचे अभ्रे होत. ती लहानपणापासून रंगात लोळत आली होती. तिच्या चेहऱ्यावर कुठेतरी एक ठिपका कायम असे, फक्त त्याची जागा आणि रंग बदले. तिला ठिपकी म्हणतात ते त्यामुळेच.

धंद्यात ठिपकीचे बाबा भागीदार होते. चौतीस वर्षं त्यांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं आणि सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. ठिपकीची आई एरवी त्यांना 'अहो' म्हणे. ती 'सर' म्हणाली की समजावं, प्रकरण गंभीर आहे. सरांचं काम एकच होतं. कापड पूर्ण झालं की त्याच्या कोपऱ्यात शिवायचं छोटं कार्ड ते स्वतःच्या अक्षरात लिहीत. कार्डावर झाडाचं शास्त्रीय नाव, कुळ, आणि फुलण्याचा काळ. कार्डाशिवाय घरातून एक हातरुमालही बाहेर जायचा नाही, असा नियम होता, आणि तो सरांनीच केला होता.

नियम चांगला होता. अडचण एवढीच की कार्ड लिहिण्याआधी सर भिंग घेऊन बसत.

"ठिपके, या फुलाला पुंकेसर किती?"

"सहा."

"असतात किती?"

"...पाच?"

"दहा," असं म्हणून सर भिंग घडी करून खिशात ठेवत आणि कापड बाद होई.

तीन वर्षांत ठिपकीने दोनशेच्या वर कापडं रंगवली होती. त्यातली घराबाहेर गेली एकोणीस. उरलेली माळ्यावर, कपाटांत आणि पलंगांखाली होती. टाकून कशी द्यायची म्हणून वापरातही होती. आईच्या उशीवरच्या फुलांना एक पाकळी जास्त होती. ठिपकीच्या चादरीवरचं झाड भलत्याच ऋतूत फुललं होतं. स्वयंपाकघराच्या पडद्यावर एका वेलीला दुसऱ्याच वेलीची फळं लागली होती. वनस्पतिशास्त्रातल्या एवढ्या मोठ्या माणसाच्या घरात बरोबर असं एकही झाड नव्हतं.

"जिथून वस्तू बाहेर जातात त्याला धंदा म्हणतात, सर," आई एका सकाळी म्हणाली. "नुसत्या साठत जातात त्याला माळा म्हणतात."

'सर' ऐकून बाबा-लेक दोघंही सावध झाले. आईच्या मागे दारात एक सुतार उभा होता.

आईचं म्हणणं साधं होतं. तिला बसायला सोफा हवा होता आणि माणसांशी समोरासमोर बोलायचं होतं. म्हणून या महिन्याच्या एकतीस तारखेपर्यंत एक मोठं काम घराबाहेर गेलं पाहिजे, ते गिऱ्हाइकाला पसंत पडलं पाहिजे, आणि तिथेच राहिलं पाहिजे. नाहीतर टेबलाचा सोफा होईल.

सुताराने टेबलाखाली डोकं घालून पाहिलं, बोटांनी ठोकून पाहिलं. "लाकूड फस्क्लास आहे, वहिनी," तो म्हणाला. "एक सोफा, दोन खुर्च्या, आणि एक चपलांचं कपाट निघेल."

त्यानंतर तो दर दोन-तीन दिवसांनी सहज म्हणून येऊ लागला. ठिपकी काम करत असताना तो टेबलाच्या कडेवरून हात फिरवी आणि आतल्या खोलीकडे बघून मोठ्याने म्हणे, "वहिनी, कपाटाला दोन कप्पे करू की तीन?"

ठिपकीला रात्रंदिवस एकच काळजी. टेबल गेलं की काम गेलं. घरात सहा मीटर सरळ जागा दुसरीकडे नव्हती. गच्चीवर वाऱ्याने धूळ येई, आणि आतल्या खोलीत कापड पसरायचं तर एक टोक खिडकीतून रस्त्यावर सोडावं लागलं असतं. तिला दुसरं काही येत नव्हतं असं नाही. तिला टायपिंग येत होतं. पण टायपिंग करताना तिला कधी जेवणाची वेळ झाल्याचं विसरायला झालं नव्हतं. उलट टायपिंग करताना तिला अकरा वाजताच भूक लागे.

अशात दातांच्या डॉक्टर आल्या.

डॉक्टर पन्नाशीच्या, कामाची घाई असलेल्या बाई होत्या. खाली दवाखाना, वर घर. घराच्या हॉलला दोन मजल्यांइतक्या उंच चार खिडक्या होत्या आणि त्यांना साडेचार मीटरचे चार पडदे हवे होते. ठिपकीच्या डोळ्यांसमोर टेबल चमकलं. साडेचार मीटरचा पडदा एका ताणात रंगवायचा तर गावात दुसरी जागाच नव्हती.

"मला खालून वरपर्यंत चढत गेलेली वेल हवी," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीमागे चित्रही काढून आणलं होतं. "निळी फुलं. फुलांच्या शेजारीच लाल फळं. आणि पानांना दाते अजिबात नकोत. कडा कशा गुळगुळीत पाहिजेत. दिवसभर दातच बघते मी, घरी तरी नकोत."

"डॉक्टर, ही कुठली वेल?" सरांनी भिंग काढलं.

"कुठली म्हणजे? वेल. माझ्या डोक्यातली."

सरांनी चिठ्ठी भिंगाखाली धरली. "हिला चढायला स्प्रिंगसारखे ताणेही दिसतायत आणि खोडाला मुळंही दिसतायत."

"हो, छान दिसतं ना?"

"डॉक्टर, वेल एक तर ताण्यांनी चढेल, नाहीतर मुळांनी. जिना चढताना माणूस लिफ्टमध्येही असतो का?"

"माझे मिस्टर असतात," डॉक्टर म्हणाल्या. "लिफ्टने वर जातात, चष्मा खाली विसरतात, मग जिन्याने येतात." आणि घड्याळ बघून त्या निघाल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "महिनाअखेर मिळतील ना? माझे दीर येणार आहेत."

"मिळतील," असं ठिपकी म्हणाली आणि "नाही," असं सर म्हणाले. पण ठिपकी आधी म्हणाली.

पुढचे बावीस दिवस टेबलाच्या एका बाजूला ठिपकी आणि दुसऱ्या बाजूला सर असं काम चाललं. सर ब्रशला हात लावत नव्हते. ते फक्त आक्षेप नोंदवत होते.

"निळं फूल आणि लाल फळ एका वेळी?"

"हो, बाबा."

"आणि पाकळ्या सात?"

"सात."

"का सात?"

"सुंदर दिसतात."

"सुंदर!" सर खुर्चीत मागे टेकत. चौतीस वर्षांच्या नोकरीत हे कारण त्यांना एकाही विद्यार्थ्याने दिलं नव्हतं.

पण ठिपकीला एक गोष्ट कळून चुकली होती. आतापर्यंत ती झाडाकडे बघून काढी आणि कुठेतरी चुके. या वेलीकडे बघायची सोय नव्हती, त्यामुळे ती सगळी डोक्यात बसवावी लागली. पान देठाशी कसं वळतं, पेरापासून किती अंतरावर ताणा फुटतो, कळी उमलायच्या आधी कुठल्या बाजूला झुकते, हे तिने एकदा ठरवलं आणि मग मोडलं नाही. आधी फिकट हिरव्याचा हात, तो वाळला की गडद, मग बारीक ब्रशने शिरा. चौथ्या पडद्याला तर पान कुठे येणार ते तिच्या मनगटालाच आधी कळे. मग रंग पक्का करायला उलट्या बाजूने कडक इस्त्री. इस्त्री करताना तिला सारखं वाटे, ही वेल आपण कुठेतरी पाहिली आहे. पाहिली होतीच, पहिल्या तीन पडद्यांवर.

सत्तावीस तारखेला चारही पडदे पूर्ण झाले. सरांनी कार्ड लिहायला साफ नकार दिला. "नाव काय लिहू? 'डॉक्टरांच्या डोक्यातली'? कुळ काय लिहू? सासरचं की माहेरचं?"

दुसऱ्या दिवशी सर फिरायला गेल्यावर ठिपकीने पडदे गुंडाळले, रिक्षात घातले आणि बिनकार्डाचे डॉक्टरांकडे पोचवले. तिथे ते टांगले, सुरकुत्या झटकल्या. डॉक्टर दोन पेशंटांच्या मधल्या वेळात वर धावत आल्या, हातात दात बघायचा आरसा तसाच. जिन्यात उभ्या राहिल्या आणि "अगं बाई" म्हणाल्या. मग अजून एकदा "अगं बाई" म्हणून खाली गेल्या.

ठिपकी तरंगत घरी आली. सर रिकाम्या टेबलापाशी उभे होते.

"पडदे कुठायत?"

"वाळत घातलेत."

"कुठे?"

"...डॉक्टरांच्या खिडकीत."

सर रागावले नाहीत. त्यांनी फक्त दुपारी जेवताना पाठ फिरवून घेतली. आधीच डावी दाढ दुखत होती म्हणून ते उजवीकडून चावत. आता पाठही फिरवल्यामुळे ते नक्की कुठे जेवतायत ते कळेना. दाढेचं दुखणं दोन वर्षांचं होतं. इतरांना डॉक्टरकडे पाठवणारे सर स्वतःच्या दाढेबाबत 'निरीक्षण चालू आहे' म्हणत.

तीस तारखेच्या संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. सुतार बसलेला होता, आई त्याला सोफ्याच्या कापडाचे नमुने दाखवत होती. फोन आईनेच उचलून मोठ्या आवाजावर ठेवला.

"पडदे सुरेखच झालेत हो," डॉक्टर म्हणाल्या. आईचा चेहरा जरा पडला. "पण माझं कार्ड कुठाय? माझ्या मैत्रिणीच्या अभ्र्यांना आहे. काल दिरांनी विचारलं, वहिनी, ही कुठली वेल. मी काय सांगणार? ते म्हणाले, म्हणजे छापील दिसतंय. छापील! उद्यापर्यंत कार्ड द्या, नाहीतर पडदे घेऊन जा."

फोन बंद झाला. सुताराने कानामागची पेन्सिल काढली.

ठिपकीने सरांच्या गठ्ठ्यातलं एक कोरं कार्ड उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. सरांचं अक्षर तिला हुबेहूब येत होतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तिने त्याचा भरपूर सराव केला होता. पण 'कुळ' लिहून दोन टिंबं दिल्यावर तिचा हात अडला. बाबांनी एकोणीसच कार्डं दिली होती, पण त्यांतलं एकही खोटं नव्हतं. आपल्या टेबलासाठी विसावं खोटं करायचं हे तिच्याने होईना. ती बाहेर आली आणि दुसरं कोरं कार्ड सरांसमोर ठेवलं.

"बाबा, निदान बघून तरी या. टांगलेली बघा. मग नाही म्हणा."

सरांनी ते आणि आणखी दोन-तीन कोरी कार्डं खिशात घातली. "मी कार्ड देत नाहीये," ते म्हणाले. "मी पाहायला चाललोय."

एकतीस तारखेला सकाळी बाबा-लेक दवाखान्यात पोचले. डॉक्टर सकाळी फक्त पेशंटना भेटतात, असं बाहेरच्या मुलीने सांगितलं, म्हणून सरांनी पेशंट म्हणून नाव लिहिलं. नंबर आल्यावर त्या मुलीने त्यांना खुर्चीत बसवलं. खुर्ची आडवी झाली. डॉक्टर आत आल्या आणि काही विचारायच्या आत म्हणाल्या, "आ करा."

सर शिस्तीचे. त्यांनी आ केला.

"बाप रे. ही दाढ कधीपासून अशी आहे?"

"डॉक्टर, ते दाढेसाठी नाही, पडद्यासाठी..." ठिपकी म्हणाली.

"दाढ काढावी लागेल. आत्ताच काढते. तोंड बधिर व्हायला दहा मिनिटं लागतात, तोवर वर जाऊन पडदे बघू." आणि इंजेक्शन देऊनही झालं. सरांचा आ तेवढ्यात मिटला नव्हता.

वरच्या हॉलमध्ये सकाळचं ऊन पडद्यांच्या मागून येत होतं. टेबलावर आडवी पडलेली वेल तिथे उभी राहिली होती. एकावर एक आलेली पानं उजेडात गडद झाली होती, ताणे हवेत काहीतरी शोधत असल्यासारखे वळले होते, आणि छतापाशी एक कळी उघडावं की नाही या विचारात होती.

सरांनी भिंग काढलं. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि ठामपणे बोलायला तोंड उघडलं. निघाला तो आवाज गादीखालून आल्यासारखा होता.

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

ठिपकीला एकतीस तारीख आठवली. "रंग छान बसलाय म्हणतात."

सरांनी जोरजोरात मान हलवली आणि आणखी मोठं वाक्य टाकलं.

"खूपच छान बसलाय म्हणतात."

सरांनी एका हाताची पाच बोटं दाखवली, दुसऱ्या हाताने दोन, आणि दोन्ही हात झटकले. पाकळ्या सात नसतात, असं त्यांचं म्हणणं असावं.

"सातही खिडक्यांना शोभेल म्हणतात."

"पण खिडक्या तर चारच आहेत."

"त्यांना लांबचं नीट दिसत नाही."

सरांनी लेकीकडे अशा नजरेने पाहिलं की एरवी तिची बोबडी वळली असती. पण आज बोबडी त्यांची वळली होती. त्यांनी खिशातून पेन काढलं, कोरं कार्ड काढलं, मागच्या बाजूला चार शब्द लिहिले आणि ते डॉक्टरांच्या हातात दिलं.

ही वनस्पती अस्तित्वात नाही.

ठिपकीने डोळे मिटले. तिला करवतीचा आवाज ऐकू यायला लागला.

डॉक्टरांनी कार्ड वाचलं, पडद्यांकडे पाहिलं, पुन्हा कार्ड वाचलं. "असं कसं?" त्या म्हणाल्या. "ही काय समोर आहे. चार-चार ठिकाणी."

सर उत्तर द्यायला वळले आणि थांबले. चौतीस वर्षं त्यांनी वर्गात सांगितलं होतं, पुस्तक बाजूला ठेवा, समोर काय आहे ते बघा. आता समोर जे होतं ते बघायला ते पहिल्या पडद्यापाशी गेले. फुलाच्या पाकळ्या मोजल्या, सात. दुसऱ्या पडद्यावर, सात. तिसऱ्यावर खुर्चीवर चढून, सात. प्रत्येक ताणा पेरापासून तितक्याच अंतरावर. प्रत्येक कळी उजवीकडे झुकलेली. नऊशेच्या वर पानं होती आणि एकाच्याही कडेला दाता नव्हता. एवढ्या मोठ्या कामात त्यांना लेकीची एकही चूक सापडली नाही, असं तीन वर्षांत पहिल्यांदाच होत होतं. ते खुर्चीवरून उतरले आणि त्यांनी पहिल्या वाक्याखाली लिहिलं, 'याची आजवर नोंद नाही.' मग त्याखाली, 'नवीन जात.'

"म्हणजे कार्ड मिळेल?" ठिपकी जवळजवळ ओरडली.

सरांनी होकार दिला आणि वर बोट केलं. थांब, असा त्याचा अर्थ होता. त्यांनी पुन्हा लिहिलं, 'नमुना लागेल.'

नियमच तसा आहे, हे त्यांनी पुढे दोन कार्डं भरून समजावलं. नवीन जात सापडली की तिचं पूर्ण वर्णन करायचं आणि एक नमुना जपून ठेवायचा, उद्या कुणी शंका घेतली तर दाखवायला. नमुना नाही तर नाव नाही आणि नाव नाही तर कार्ड नाही.

"घ्या की मग एखादं पान कापून," डॉक्टर म्हणाल्या.

सर दुखावले. त्यांनी लिहिलं, 'खोड, पान, फूल, फळ, सगळं लागतं.' आणि मोठ्या अक्षरात, 'अख्खा पडदा.'

"बाबा, आज एकतीस तारीख आहे!" ठिपकी कळवळली. "पडदे इथेच राहिले पाहिजेत! आईने काय सांगितलंय?"

सरांनी हात वर केला. महिनाअखेरीचा विज्ञानाशी संबंध नसतो, असं काहीतरी त्या हातात होतं.

डॉक्टरांनी सरांच्या गालाला बोट लावून पाहिलं. "बधिर झालंय. चला, दाढ. मला कार्ड महत्त्वाचं, दिरांचं तोंड बंद झालं पाहिजे. एक घेऊन जा, पण पाचवा मला करून द्या."

तासाभराने बाबा-लेक घरी परतले. सरांच्या तोंडात कापूस होता आणि काखेत साडेचार मीटरचा पडदा. दारात आई उभी होती. सुतार करवत घेऊन आला होता, आणि मामाही आला होता, पण तो सहज.

"बाहेर किती गेले होते?" आईने विचारलं.

"चार," ठिपकी म्हणाली.

"परत किती आले?"

"एक."

"कुणी आणला?"

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सर कापसातून काहीतरी म्हणाले.

"मी सांगते काय म्हणाले ते," ठिपकी पुढे झाली.

"राहू दे. न बोलता जास्त कळतं मला यांचं." आई टेबलाला एक फेरी मारून आली. "पोरीने काम पूर्ण केलं, गिऱ्हाइकाला पसंत पडलं, इथवर बरोबर. म्हणजे टेबल राहिलं पाहिजे. पण यांनी एक परत आणला. म्हणजे टेबल गेलं पाहिजे." तिने टेबलाच्या मध्यावर बोट ठेवलं. "भाऊ, इथे कापा."

"अर्धं?" सुतार म्हणाला. "मग चपलांचं कपाट नाही निघायचं."

"चपला बाहेर राहतील."

ठिपकीचा जीव भांड्यात पडला, निदान तीन मीटर तरी. करवत चालू असताना ती आपल्या अर्ध्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली, कापता कापता सुताराचा हात इकडे सरकू नये म्हणून. मामाने उगाच दोनदा तिच्या बाजूने माप घेतलं.

चार दिवसांनी सोफा आला. आई त्यावर बसली, समोर मामाला बसवलं, आणि दोघं समोरासमोर बोलले. फारसं काही बोलण्यासारखं नव्हतं, पण समोरासमोर बोलले. सरांचा ओठ जागेवर आला होता. त्यांनी वेलीचं वर्णन सहा पानांत पूर्ण केलं आणि जातीला बायकोचं नाव दिलं. हल्ली ते घरात जरा जपून वागत होते. लॅटिनमध्ये ते नाव ऐकून आईला आपल्यावर कुणी खटला भरल्यासारखं वाटलं.

"काटे आहेत का त्या वेलीला?" तिने विचारलं.

"एकही नाही."

"मग माझं नाव कशाला?" असं ती म्हणाली, पण सहा पानं तिने ट्रंकेत नीट ठेवून दिली.

डॉक्टरांकडच्या तीन पडद्यांना कार्डं गेली, आणि इकडे ठिपकी पाचव्या पडद्याला भिडली होती. तीन मीटरच्या टेबलावर साडेचार मीटरची वेल एका ताणात मावेना, तेव्हा तिने ती दोन खेपांत चढवली. आधी खालचा भाग, तो वाळवून, इस्त्री करून, कापड पुढे सरकवायचं, पुन्हा टाचण्या, मग वरचा भाग. सरकवताना काहीतरी चुकलं. वरचं खोड खालच्या खोडापासून चार बोटं डावीकडे सुरू झालं. ठिपकीने तिथे एक तिरका दुवा काढून दोन्ही सांधले. लांबून बघितलं तर वेल अर्ध्या वाटेत कुणाची तरी हाक ऐकून वळल्यासारखी दिसत होती.

सरांनी कार्ड लिहायला पेन उघडलं, सवयीने भिंग काढलं, आणि नेमके तिथेच थांबले.

"हे काय?"

"चूक झाली, बाबा. टेबल पुरलं नाही. पानाने झाकते मी तो भाग."

"झाकू नकोस!" सर कापडावर वाकले. त्यांचा आवाज बारीक झाला. "पहिल्या चारांत हे नव्हतं. जमिनीपासून अडीच मीटरवर खोड एकदम डावीकडे वळतं. बाकी सगळं तसंच. पाकळ्या सात. ठिपके, ही उपजात आहे."

"बाबा, डॉक्टर वाट बघतायत. चौथी खिडकी उघडी आहे."

"उपजातीला वेगळं वर्णन लागतं. वेगळं कार्ड लागतं. आणि..." सर चष्मा पुसायला लागले.

ते काय म्हणणार हे ठिपकीला कळलं. ते आईलाही कळलं. आई नव्या सोफ्यावर, पाठ टेकून, पाय वर घेऊन बसली होती. तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला. आधी तिने सरांच्या हातातलं कार्ड काढून घेतलं, मग पेन काढून घेतलं. सरांच्या सहा पानांवरून नाव बघून बघून तिने ते लॅटिनमध्ये स्वतःच कार्डावर उतरवलं. शेवटी नावच तिचं होतं. कार्ड तिने ठिपकीच्या हातात कोंबलं.

"अहो, पण नमुना..." सर म्हणाले.

"ठिपके," आई म्हणाली, "पळ."

ठिपकीने टाचण्या ओढल्या. इस्त्रीने अजून गरम असलेली साडेचार मीटरची वेल तिने छातीशी कवटाळली आणि ती जिन्याकडे धावली. मागून सरांच्या चपलांचा आवाज आला, मग सर चपला शोधतायत असा आवाज आला. ती रस्त्यावर पोचली तेव्हा पडद्याचं एक टोक तिच्या मागे हवेत होतं, निळी फुलं आणि लाल फळं एकाच वेळी, आणि समोरून रिकामी रिक्षा येत होती.